‘कंपनी’ फरार

“माझं नाक,” भिंगराव म्हणाले, “हे केवळ श्वास घेण्यासाठी नाही.”

असं म्हणून त्यांनी एक लांबलचक श्वास घेतला आणि तो सोडताना टेबलावरच्या तीन चिठ्ठ्या उडवल्या.

“लोकांना छापलेला मजकूर दिसतो. मला त्याच्यामागचा माणूस दिसतो. स्वल्पविराम कुठे घसरलाय ते बघून मी सांगतो, जुळणी करणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं. एकवीस वर्षं झाली, बाई! जो उलटा पडलेला अनुस्वार पकडतो, त्याच्या तावडीतून चोर काय सुटणार?”

“अनुस्वार उलटा पडला तरी तसाच दिसतो ना?” धाकट्या बाईंनी विचारलं.

“इतरांना,” भिंगराव म्हणाले.

भिंगराव इंग्रजी-मराठी कोशाच्या कार्यालयात मुद्रितं तपासत. त्या कामासाठी मिळालेलं भिंग ते दोरी ओवून गळ्यात मिरवत, म्हणून भिंगराव. मुद्रितं तपासणं हा आपला पोटापाण्याचा उद्योग, आणि खरा पिंड गुप्तहेराचा, असं त्यांचं मत होतं. या मताला दुसरं मत मिळालेलं नव्हतं. आजवर त्यांनी चार प्रकरणं हाताळली होती. हरवलेला चष्मा कपाळावर सापडला. बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली दिलेली नव्हती. जिन्यातली गूढ पावलं त्यांची स्वतःचीच निघाली. चौथं प्रकरण थोरल्या बाईंच्या छत्रीचं. त्याचा तपास अजून चालू होता, मात्र दरम्यान थोरल्या बाईंनी नवी छत्री घेतली होती.

या सगळ्या प्रकरणांत कोशात शब्दांचे अर्थ लिहिणाऱ्या धाकट्या बाई त्यांच्या सहायक होत्या. ही नेमणूक कोणी केली आणि कधी केली, हे त्यांना आठवत नव्हतं. जांभई देताना तोंडात माशी जावी तसं काहीतरी झालं असावं.

आजचं पाचवं प्रकरण मात्र धाकट्या बाईंच्याच जिवाशी आलं होतं. त्यांचं कार्ड गहाळ झालं होतं.

कोशाचं कार्यालय म्हणजे ओळीनं तीन खोल्या आणि मागे एक स्वयंपाकघर. मधल्या खोलीत भिंतभर लाकडी खण, आणि खणांत कार्डं. एका शब्दाला एक पक्कं कार्ड. संगणक होता, पण थोरल्या बाई म्हणजे मुख्य संपादक, आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांनी त्याला लोकरीचं आच्छादन विणलं होतं आणि तो थंडीवाऱ्यापासून सुखरूप होता.

इथले नियम ठरलेले. पक्कं कार्ड झालं की कच्ची कार्डं फाडायची, म्हणजे घोळ नको. कार्डाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं लिहायचं ते शब्दाचं मूळ, आणि लाल पेन्सिलीनं लिहायचं ते ज्याचं चित्र हवं त्या वस्तूचं नाव. चित्रकार फक्त गुरुवारी येत. त्यांचा वेळ मोडू नये म्हणून लाल शेऱ्याचं कार्ड मावशी त्या त्या वस्तूपाशीच नेऊन ठेवत. चित्रकारानं यावं, कार्ड बघावं, वस्तू काढावी आणि पुढच्या वस्तूकडे सरकावं. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी कुलपाला, बादलीला, खिडकीच्या कडीला कार्डं लटकलेली दिसत. एकदा मांजराच्या गळ्यात बांधलं होतं. ते तीन दिवसांनी मिळालं.

मावशी म्हणजे या कार्यालयाच्या चालकच. झाडलोट त्यांची, चहा त्यांचा, आणि रोज संध्याकाळी तबकातली कार्डं जागच्या जागी लावणंही त्यांचंच. इंग्रजी येत नव्हतं, पण खणांवरची अक्षरं आणि कोपऱ्यातला मराठी शेरा त्यांना व्यवस्थित वाचता येई. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कार्ड चुकीच्या खणात गेलं नव्हतं. ही गोष्ट इतकी जुनी होती की कोणाच्या लक्षातच उरली नव्हती.

हरवलेलं कार्ड ‘कंपनी’ या शब्दाचं.

जुन्या कोशात या शब्दाला दोन ओळी होत्या. धाकट्या बाईंनी दोन महिने खपून त्याचे नऊ अर्थ काढले होते. व्यापारी संस्था, पलटणीतली तुकडी, नाटकवाल्यांचा संच, घरी आलेली मंडळी, नुसती सोबत, आणि असे बरेच. काल संध्याकाळी सहाला त्यांना या सगळ्यांचा आजोबा सापडला होता. लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे सह, आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. कंपनी म्हणजे एकत्र बसून पाव खाणारी माणसं! आणि हाच ‘पानिस’ पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे येताना ‘पाव’ झाला होता. म्हणजे एवढी बडी कंपनी आणि चहात बुडवायचा पाव, दोघे एकाच घरातले. धाकट्या बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी कोपऱ्यात मोठ्या अक्षरात मूळ लिहिलं, कार्ड तबकात ठेवलं, कच्ची कार्डं सोळा-सोळा तुकडे करून टोपलीत टाकली आणि गाणं गुणगुणत घरी गेल्या.

त्या सहा महिने हंगामी होत्या. थोरल्या बाईंनी सांगितलं होतं, “‘कंपनी’ संपूर्ण तुझी. ती नीट उतरली आणि खंडाबरोबर छापायला गेली, की पहिल्या पानावर तुझं नाव आणि एक तारखेपासून तू कायम. नाही उतरली तर समितीला मी दाखवू काय?” हे आईला सांगण्याची चूक धाकट्या बाईंनी केली होती. आईनं ते शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि ज्या शेजारणीशी दोन वर्षं अबोला होता, तिला हे सांगता यावं म्हणून अबोलाही सोडला.

खंड न्यायला छापखान्याचा माणूस आज चार वाजता येणार होता. आणि आज सकाळी दहाला ‘सी’च्या खणात ‘कंपॅनियन’ होतं, ‘कंपेअर’ होतं, आणि मधली जागा पडलेल्या दातासारखी रिकामी होती.

“पहिला नियम, गुप्तता,” भिंगरावांनी बाह्या सरसावल्या. “या क्षणापासून ‘कार्ड’ हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही.”

“मग शोधताना काय म्हणायचं?”

“‘ती वस्तू.’ आणि हे आपल्या दोघांतच. भिंतींना कान असतात.”

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. दोघांना खणांत मान घालून उभं असलेलं बघून त्या थांबल्या. “काय हरवलंय का?”

“छे, छे!” भिंगराव म्हणाले. “सहज उभे आहोत.”

“बरं. आज चहाबरोबर पाव मिळायचा नाही हं. पाव कामावर आहे.”

“उत्तम, उत्तम,” भिंगराव म्हणाले. न ऐकलेल्या गोष्टीला ते नेहमी दोनदा उत्तम म्हणत. धाकट्या बाईंनीही ऐकलं नाही. त्या डोळ्यांतलं पाणी परतवण्यात गुंतल्या होत्या.

मावशी गेल्यावर भिंगरावांनी दार लावलं. “आता ऐका. चोरीचं कारण चोरलेल्या वस्तूतच असतं. तुमच्या त्या वस्तूचे अर्थ सांगा. एकेक.”

“पहिला, व्यापारी संस्था.”

“झालं! उकललं!” भिंगरावांनी टेबलावर मूठ आपटली. “प्रतिस्पर्धी कंपनी! तो दुसरा कोश काढणारे.”

“ते नऊ वर्षांपूर्वी बंद पडले हो. ‘डी’पर्यंत कसेबसे आले होते.”

“म्हणूनच त्यांच्यावर कोणी संशय घेणार नाही. काय कावेबाज लोक आहेत!”

“पण ‘डी’पर्यंत आले म्हणजे ‘सी’ त्यांचा झालेला होता. त्यांना आपलं ‘सी’ कशाला हवं?”

भिंगरावांनी बाईंकडे करुणेनं पाहिलं आणि जुन्या वहीतून त्या कोशवाल्यांचा नंबर काढून फोन लावला. तिथे आता केस कापायचं दुकान होतं. दोन मिनिटांच्या कसून चौकशीनंतर भिंगरावांना साडेपाचची वेळ मिळाली.

“ते काहीतरी लपवताहेत,” फोन ठेवून ते म्हणाले. “मी जरा मागची बाजू तपासून येतो.” आणि ते स्वयंपाकघराकडे गेले. परतले तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल हलत होते.

“तोंडात काय आहे?”

भिंगरावांनी बोट वर करून थांबायला सांगितलं, गिळलं, आणि म्हणाले, “विचार.”

तासाभरानं दुसरा अर्थ कामाला लागला. फाटकावरचे पहारेकरी काका पूर्वी पलटणीत होते. भिंगरावांच्या मते हे उघड होतं. कार्डावर पलटणीचा अर्थ व्यापाऱ्यांच्या मागे दुसरा आला होता आणि सैनिकी मनाला हा अपमान सहन झाला नव्हता.

“काका,” भिंगराव फाटकाशी जाऊन एकदम गरजले, “कंपनी कुठे आहे?”

काका ताडकन उभे राहिले. मग कोण विचारतंय ते बघून परत बसले. “कोणती?”

“कोणती म्हणजे? एकच तर आहे!”

“आमच्या वेळी एका पलटणीत चार होत्या. माझ्या कंपनीत सव्वाशे माणसं. पहाटे मोजायचे, संध्याकाळी मोजायचे. वीस वर्षांत एक माणूस हरवला नाही. तुमचं काय हरवलंय?”

“ते सांगता येणार नाही.”

“मग मी शोधू काय?”

“तुम्ही शोधायचं नाही. तुम्ही कबूल व्हायचं.”

काकांनी शांतपणे काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली. भिंगरावांना अचानक आत महत्त्वाचं काम आठवलं. धाकट्या बाई मागे राहून काकांना म्हणाल्या, “मनावर घेऊ नका हो.” काका म्हणाले, “पोरी, त्यांचं मी मनावर घेत नाही. तुझा चेहरा का उतरलाय?” त्यावर त्यांना एकदम रडू यायला लागलं, म्हणून त्याही आत पळाल्या. सांगायची बंदी होती. इतका मूर्ख नियम आपण का पाळतोय, हा विचार त्यांच्या मनात आला खरा, पण घड्याळात दीड वाजला होता आणि विचार करायला वेळ नव्हता.

त्यांनी सगळे खण उपसले. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत एकेक कार्ड बोटांखालून घातलं. टोपल्या पाहिल्या. त्या मावशींनी सकाळीच रिकाम्या केल्या होत्या. आठवणीतून नवं कार्ड लिहायला बसल्या तर अर्थ नऊच्या नऊ आठवले, पण प्रत्येक अर्थाखालचे दाखले, पानांचे आकडे, जुन्या पुस्तकांतली वाक्यं, ती कुठून आणणार? दोन महिन्यांचं काम दोन तासांत होत नाही.

भिंगराव मधूनमधून मागची बाजू तपासून येत. प्रत्येक खेपेला एखादा नवा विचार चघळत येत.

पावणेतीनला मधल्या खोलीतून आरोळी आली. “ठसा! ठसा!”

‘सी’च्या खणाच्या मुठीवर भिंगरावांनी भिंग रोखलं होतं. तिथे अंगठ्याचा एक ओशट, चकचकीत ठसा होता.

“सकाळी हा नव्हता!” ते कुजबुजले. “सकाळी मी स्वतः ही मूठ पुसली. याचा अर्थ कळतो, बाई? चोर दुपारी परत आला होता. तो आपल्यातच वावरतोय.”

“कसला ओशटपणा आहे हा?”

भिंगरावांनी नाक जवळ नेलं. ज्या नाकाचं सकाळी एवढं कौतुक झालं होतं, ते दोनदा फुरफुरलं. “तेल. रंगाचं तेल! सांगा, रंगात हात कोणाचे? चित्रकाराचे! आणि चित्रकार पूर्वी पडदे कोणाचे रंगवायचे? नाटक कंपनीचे! तिसरा अर्थ! आज गुरुवार आहे ना? मग तो आहे कुठे? आलाच नाही. फरार!”

“त्यांच्या चपला दाराशी आहेत.”

“म्हणजे अनवाणी पळाला! केवढी घाई झाली असेल.”

धाकट्या बाईंनी कपाळाला हात लावला. लोण्याचा वास त्यांना आला होता, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळीकडूनच लोण्याचा वास येत होता. या कार्यालयात जो तो आपापल्या टेबलावर आपापला डबा खाई. थोरल्या बाई तर दार लावून खात. धाकट्या बाई सहा महिने खिडकीशी एकट्या जेवत होत्या, समोर कार्ड ठेवून. आज कार्ड नव्हतं, म्हणून डबाही उघडला नव्हता.

साडेतीनला थोरल्या बाईंनी दोघांना बोलावलं. गठ्ठे बांधून तयार होते. फक्त ‘कंपनी’च्या जागी एक कोरी चिठ्ठी होती.

“काय झालं ते मला एका वाक्यात सांगा,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“एका वाक्यात मावणार नाही,” भिंगराव म्हणाले. “पण प्रकरण उकललेलं आहे.”

धाकट्या बाईंनी चमकून पाहिलं. मागे हात बांधून भिंगराव फेऱ्या मारू लागले. खोली लहान होती, त्यामुळे दर तिसऱ्या पावलाला वळावं लागत होतं.

“संस्था नाही, पलटण नाही, नाटक नाही. मग उरतं काय? सोबत! चोराला सोबत हवी होती. या कार्यालयात सगळ्यांत एकटं कोण? खिडकीशी एकटं कोण जेवतं? जेवताना त्या वस्तूशी बोलतं कोण? मी या कानांनी ऐकलंय. काम संपलं, वस्तू छापायला जाणार, सोबत तुटणार. ते सहन झालं नाही.” त्यांनी बोट रोखलं. “बाई, तुम्ही ती घरी नेलीत!”

धाकट्या बाईंचा चेहरा आधी पांढरा आणि मग लालबुंद झाला.

“हो, बोलते मी कार्डाशी,” त्या म्हणाल्या. “दुसरं कोण बोलतं इथे माझ्याशी? सहा महिन्यांत ‘जेवलात का’ म्हणून कोणी विचारलं नाही. मी चोरीन? माझंच? माझी आई गल्लीत तोंड कुठे लपवेल ते तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या भिंगाचा अन् तुमच्या नाकाचा—”

पुढचे शब्द कोशात होते, पण बोलण्यासारखे नव्हते. त्या थांबल्या, आणि त्यांना वाईट याचं वाटलं की भिंगराव खरोखरच घाबरलेले दिसत होते. हात लावला तर तुटेल अशा कपाकडे बघावं तसे ते बघत होते.

थोरल्या बाई काही बोलणार, तोच दार ढकलून चित्रकार आत आले. पाय अनवाणी, कानाला पेन्सिल, हातात फळी.

“झाला एकदाचा,” ते वैतागून म्हणाले. “दोन तास लागले हो पावाला. तुमच्या स्वयंपाकघरात उजेड नाही. आणि एक विचारू का बाई? विचारायचा मला अधिकार नाही, पण ‘कंपनी’ या शब्दाला पावाचं चित्र कशासाठी?”

त्यांनी फळी टेबलावर ठेवली. फळीवर एका पावाचं सुरेख चित्र होतं. चित्राला टाचणीनं लावलेलं होतं ते ‘कंपनी’चं कार्ड.

धाकट्या बाईंनी झडप घालून कार्ड उचललं. नऊ अर्थ, सगळे दाखले, सगळे आकडे, जसेच्या तसे. आणि वर कोपऱ्यात, त्यांच्याच अक्षरात, मोठ्ठं, ठसठशीत ‘पाव’. लालभडक.

“पण मी मूळ लिहिलं होतं!” त्या म्हणाल्या. “निळ्यानं! निळ्यानं लिहायला मी पेन्सिल शोधली, आणि ती...” त्यांची नजर हळूहळू वर गेली. भिंगरावांच्या उजव्या कानावर निळी पेन्सिल होती. छत्रीच्या प्रकरणाच्या नोंदी करायला त्यांनी ती सोमवारी नेली होती. काल संध्याकाळी, आनंदाच्या भरात, हाताला जी आली ती पेन्सिल लाल होती.

दारात मावशी येऊन उभ्या होत्या. “कार्ड शोधत होता होय सकाळपासून? मग बोलायचं की! लाल शेरा होता, पाव लिहिलं होतं. पावाच्या डब्यात पावावर ठेवलं.”

“मावशी, तुम्ही सांगितलं का नाही?”

“मी विचारलं, काय हरवलंय. हे म्हणाले, सहज उभे आहोत.” मावशींनी पदर खोचला. “आणि पाव कामावर आहे हे तर मी स्वच्छ सांगितलं होतं. आणखी काय दवंडी पिटू?”

“काखेत कळसा,” थोरल्या बाई म्हणाल्या, आणि पुढचं म्हणायची गरज उरली नाही.

“माझी तक्रार वेगळीच आहे,” चित्रकार म्हणाले. “मी सुरुवात केली तेव्हा पाव जवळजवळ पुरा होता. कार्ड ठेवून, डबा झाकून पाणी प्यायला उठलो, आलो, तर एक बाजू नाही. पुसून पुन्हा काढला. हात धुवायला गेलो, आलो, तर आणखी थोडी नाही. मी जसं दिसतं तसं काढतो. आता हा असा आहे.”

चित्रातल्या पावाची डावी बाजू चांगलीच कापली गेलेली होती. कार्डाच्या कडेवर अंगठ्याचा एक ओशट, चकचकीत ठसा होता. सगळ्यांनी भिंगरावांच्या मिशीकडे पाहिलं. मिशीत पुरावा होता.

“तुम्ही पावाचा डबा उघडलात?” थोरल्या बाईंनी विचारलं.

“तपासासाठी.”

“किती वेळा?”

“तपास कसून झाला,” भिंगराव म्हणाले.

“आणि पावावर ठेवलेलं हे कार्ड तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं ना! प्रत्येक वेळी दिसलं. मी ते उचललं, पाव घेतला, लोणी लावलं, आणि कार्ड परत होतं तसं ठेवलं. जागेवरची वस्तू हलवायची नाही, हे माझं तत्त्व आहे.”

“त्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही?”

“कामाच्या वेळेबाहेर मी वाचत नाही,” भिंगराव पडलेल्या आवाजात म्हणाले. “डोळ्यांना त्रास होतो.”

चारला पाच कमी असताना थोरल्या बाईंनी कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचताना त्या एकदा हसल्या. हे तीस वर्षांत किती वेळा झालं होतं ते मावशींनाच ठाऊक. मग त्यांनी लाल शेऱ्यावर रेघ मारायला लेखणी उचलली, चित्राकडे पाहिलं, आणि लेखणी खाली ठेवली.

“असू दे चित्र,” त्या म्हणाल्या. “शब्दाचं मूळच काढलंय त्यांनी. अर्धं खाल्लेलं असलं म्हणून काय झालं? पाव आहे म्हटल्यावर कोणीतरी खाणारच.”

छापखान्याच्या माणसानं गठ्ठे उचलले. फाटकावर काकांनी ते मोजून बाहेर सोडले. मग धाकट्या बाई स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या. मावशींनी न विचारता उरलेला पाव कापला, लोणी लावलं आणि बशी पुढे केली. चित्रकार आले, कारण पावावर त्यांचा दोन तासांचा हक्क होता. काका आले. आणि थोरल्या बाई स्वतःचा डबा घेऊन आल्या, आणि बसायला जागा नव्हती म्हणून ओट्याला टेकून उभ्या राहून खाऊ लागल्या. सगळेच खूप भुकेले होते.

भिंगराव दारात घुटमळत होते.

“जेवलात का?” धाकट्या बाईंनी विचारलं.

“झालं तसं,” ते म्हणाले. “हप्त्याहप्त्यानं.” मग ते आत आले आणि एक तुकडा उचलून गुपचूप चावू लागले. माफी मागायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा त्यात पाव होता.

पंधरा दिवसांनी छापखान्यातून मुद्रितं आली. नियमाप्रमाणे ती आधी भिंगरावांकडे गेली आणि मग धाकट्या बाईंकडे. पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं. ते त्यांनी आईला दाखवायला घरी नेलं, आणि आईनं ते शेजारणीला दाखवायला दोन दिवस ठेवून घेतलं. पण आधी त्यांनी ‘कंपनी’चं पान उघडलं. नऊ अर्थ नीट उतरले होते. कडेला छोटासा, एका बाजूनं खाल्लेला पाव होता. मुद्रितं तपासणारा माणूस समासात फक्त चुका लिहितो. बरोबर असेल तिथे तो काही लिहीत नाही, आणि भिंगरावांनी तर एकवीस वर्षांत कधीच लिहिलं नव्हतं. या पानाच्या समासात, ‘एका पावाचे वाटेकरी’ या ओळीसमोर, निळ्या पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बरोबर.’ त्याच्याखाली लहानशी ओळ होती, ‘बाईंची चूक नव्हती.’

शेजारी लोण्याचा ठसा होता. धाकट्या बाई बराच वेळ त्या ठशाकडे बघत बसल्या. मग त्या उठल्या, डबा घेतला आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या, कारण एक वाजला होता आणि सगळे थांबले होते. निळी पेन्सिल अजून परत मिळालेली नाही.